लोकांचा चित्रकार : नंदलाल बोस

प्रस्तावना

कविता वाचताना तिचा विषय कोणता आणि तिचा आशय कोणता, असा विचार आपण करतो. पावसावरील कवितेचा विषय पाऊस असतो. पण तिचा आशय कधी विरहाचा असतो, तर कधी शेतकऱ्याच्या आशेचा. चित्राचेही तसेच आहे. चित्रात काय दिसते, हे आपले डोळे लगेच सांगतात. त्या दिसण्यातून चित्रकाराला काय म्हणायचे आहे, हे मात्र थोडे थांबून, मन लावून पाहिल्यावरच उमगते. चित्राला शब्द नसतात. रेषा, रंग, आकार आणि मोकळी सोडलेली जागा हीच त्याची भाषा असते.

ही भाषा सामान्य माणसापर्यंत नेण्यासाठी आयुष्यभर झटलेल्या एका थोर चित्रकाराचे चरित्र आपण या पाठात वाचणार आहोत. त्यांचे नाव नंदलाल बोस. चित्रकला कोणासाठी आणि चित्रात स्थान कोणाला, हे दोन प्रश्न त्यांच्या जीवनात पुन्हा पुन्हा उभे राहिले. त्यांनी त्यांची उत्तरे आपल्या चित्रांतूनच दिली.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• नंदलाल बोस यांच्या जीवनातील महत्त्वाचे प्रसंग सांगू शकाल;
• चित्राचा विषय आणि चित्राचा आशय यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• रेषा, रंग व चौकट यांतून अर्थ कसा प्रकट होतो, हे उदाहरणांसह सांगू शकाल;
• एखादे चित्र पाहून त्याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

1. मूर्तिकारांच्या सहवासात

बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात खडगपूर नावाचे गाव आहे. तेथे 3 डिसेंबर 1882 रोजी नंदलाल यांचा जन्म झाला. घराणे बंगाली, वडील पूर्णचंद्र बोस दरभंगा संस्थानच्या सेवेत होते. आई क्षेत्रमणीदेवी यांच्या हातात कला होती. मुलांसाठी खेळणी आणि बाहुल्या त्या घरीच करीत. घरातील हे पहिले शिक्षण नंदलालांच्या मनात खोल रुजले.

दुसरे शिक्षण त्यांना गावातील कुंभारांनी आणि मूर्तिकारांनी दिले. दुर्गापूजा जवळ आली, की मूर्ती घडवण्याचे काम सुरू होई. आधी गवताचा सांगाडा बांधायचा, त्यावर माती थापायची, मग अवयवांना आकार द्यायचा, रंग चढवायचे आणि अखेरीस देवीचे डोळे रेखायचे. लहानगा नंदलाल हे सारे तासन्‌तास पाहत बसे आणि घरी येऊन मातीचे आकार करून बघे. मातीच्या गोळ्यात हळूहळू भाव प्रकट होतो, हे आश्चर्य त्याने फार लवकर अनुभवले होते.

पुढील शिक्षणासाठी वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी नंदलाल कलकत्त्यास आले. शाळेची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. पण महाविद्यालयात त्यांचे मन रमेना. वहीच्या कडेला चित्रे काढण्यात वेळ जाई आणि परीक्षेत अपयश पदरी पडे. 1903 साली सुधीरादेवींशी त्यांचा विवाह झाला. मुलगा संसाराला लागला, आता त्याने नोकरीला उपयोगी पडेल असे काही शिकावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. त्यासाठी वाणिज्य शाखेचा अभ्यासही त्यांनी करून पाहिला. तोही साधला नाही. अखेर घरच्यांची समजूत घालून 1905 च्या सुमारास त्यांनी कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश मिळवला. एका परीक्षेत नापास झालेला माणूस सर्वच बाबतींत अपात्र नसतो, हे त्यांच्या पुढील आयुष्याने सिद्ध केले.

2. अजिंठ्याची शिकवण

तो काळ मोठ्या घडामोडींचा होता. 1905 साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. स्वदेशी कापडाप्रमाणे स्वदेशी कलेचाही विचार सुरू झाला. त्या वेळच्या कलाशाळांतून युरोपीय पद्धतीचे चित्रण शिकवले जाई. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्राचार्य ई. बी. हॅवेल आणि तेथील शिक्षक, चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांनी मात्र भारतीय चित्रपरंपरेकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वळवले. नंदलाल हे अवनींद्रनाथांचे लाडके शिष्य ठरले.

या काळात नंदलालांनी प्रामुख्याने पुराणकथांवर चित्रे काढली. 1908 साली शिव आणि सती यांच्या चित्रासाठी त्यांना 500 रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या पैशातून त्यांनी देशाटन केले. मंदिरे, शिल्पे, घाट, बाजार आणि माणसे पाहिली. पुस्तकात वाचलेला देश डोळ्यांनी पाहण्याची ही संधी त्यांना फार मोलाची वाटली.

यानंतर 1909-10 च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या लेण्यांत काम करण्याची संधी त्यांना लाभली. क्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याचे काम हाती घेतले होते. त्यांच्या मदतीसाठी गेलेल्या तरुण चित्रकारांत नंदलाल होते. लेण्यांतील अंधूक उजेडात, ठिकठिकाणी पोपडे निघालेल्या भिंतींसमोर उभे राहून एकेक रेषा कागदावर उतरवायची, हे काम चिकाटीचे होते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक चित्रकारांजवळ बसून शिकण्यासारखेच ते होते.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र प्रसिद्ध आहे. मस्तकावर रत्नजडित मुकुट, हातात कमळ आणि किंचित कललेली मान. विषय म्हणाल, तर तो एक राजबिंडा बोधिसत्त्व आहे. पण त्याच्या खाली झुकलेल्या पापण्या पाहिल्या, की मुकुटाचा विसर पडतो. सारे वैभव अंगावर असूनही त्याची दृष्टी जगाच्या दुःखाकडे लागलेली आहे. करुणा हा त्या चित्राचा आशय आहे आणि तो शब्दाने नव्हे, तर पापणीच्या एका रेषेने सांगितला आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर राजे आणि राण्या आहेत, तसेच सेवक, भिक्षू, हत्ती आणि हरिणेही आहेत. चित्रकाराने त्या सर्वांना सारख्याच मायेने रेखले आहे. नंदलालांनी अजिंठ्याहून नेलेली खरी शिदोरी हीच होती.

पाठगत प्रश्न
(1) नंदलालांना लहानपणी कलेचे शिक्षण कोणाकोणाकडून मिळाले?
(2) पद्मपाणीच्या चित्राचा विषय कोणता व आशय कोणता?

3. शांतिनिकेतनचे मास्तरमोशाय

जपानी कलाविचारवंत ओकाकुरा 1912 साली कलकत्त्यास आले होते. परंपरा, निसर्ग आणि कलावंताची स्वतःची प्रतिभा या तीन बाजू जुळल्या म्हणजेच कलेचा त्रिकोण पूर्ण होतो, हा त्यांचा विचार नंदलालांनी कायमचा स्वीकारला. केवळ परंपरा धरली तर नक्कल हाती लागते. केवळ निसर्गाची हुबेहूब नोंद केली तर कौशल्य दिसते. आणि दोहोंचा आधार नसलेली प्रतिभा भरकटते, असा त्याचा अर्थ होता.

रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतन येथे कलाभवनाची स्थापना केली आणि त्यासाठी नंदलालांना बोलावून घेतले. 1922 ते 1951 अशी जवळजवळ तीस वर्षे त्यांनी कलाभवनाचे प्रमुखपद सांभाळले. विद्यार्थी त्यांना आदराने मास्तरमोशाय म्हणत. 1924 साली रवींद्रनाथांसमवेत त्यांनी चीन व जपानचा प्रवास केला. तेथील चित्रकार मोजक्या शाईत, कुंचल्याच्या दोन-चार फटकाऱ्यांत डोंगर आणि धुके उभे करीत. कागदाची मोकळी जागासुद्धा बोलू शकते, हे त्यांना तेथे जवळून पाहता आले.

कलाभवनातील शिक्षण चार भिंतींत मावणारे नव्हते. विद्यार्थी झाडाखाली बसून झाडाचा अभ्यास करीत. संथाळांच्या वस्तीत जाऊन त्यांची घरे, त्यांचे चालणे, त्यांचे नृत्य न्याहाळीत. उत्सवाच्या दिवशी जमिनीवर अल्पना, म्हणजे बंगाली पद्धतीची रांगोळी रेखली जाई, तिलाही अभ्यासात स्थान होते. विणकाम, मातीकाम, कातडीकाम यांना नंदलालांनी चित्रकलेच्या पंक्तीत बसवले. ते स्वतः खिशात कोरी कार्डे बाळगीत. वाटेत दिसलेली शेळी, वाकलेली बाभूळ, पाणी भरणारी बाई यांची चटकन रेखाटने करीत आणि ती कार्डे विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना देऊन टाकीत.

आपल्यासारखीच चित्रे विद्यार्थ्यांनी काढावीत, असा आग्रह त्यांनी धरला नाही. म्हणूनच त्यांच्या हाताखालून एकमेकांपासून अगदी वेगळे कलावंत घडले. विनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी जन्मापासूनच अधू होती, तरीही ते श्रेष्ठ भित्तिचित्रकार झाले. रामकिंकर बैज यांनी सिमेंट आणि खडी यांतून संथाळ कुटुंबाचे भव्य शिल्प उभे केले. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून जगभर गाजलेले सत्यजित राय यांनीही 1940 ते 1942 या काळात कलाभवनात शिक्षण घेतले.

प्रौढ वयात अक्षरे गिरवणाऱ्या आपल्यासारख्या अभ्यासकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मुलांना बंगाली वाचायला शिकवण्यासाठी रवींद्रनाथांनी लिहिलेले ‘सहज पाठ’ हे पुस्तक 1930 साली प्रसिद्ध झाले. त्याची चित्रे नंदलालांनी केली. काळ्या-पांढऱ्या ठसठशीत आकारांत नदी, नाव, झाडे आणि माणसे अक्षरांशेजारी येऊन बसली. देशातील एक अग्रगण्य चित्रकार बालबोध पुस्तकासाठी तितक्याच निष्ठेने काम करतो, यातच त्याचे मोठेपण दिसते.

4. एक काठी, एक पाऊल

12 मार्च 1930 रोजी महात्मा गांधी साबरमती आश्रमातून दांडीकडे निघाले. मिठावरील कर मोडण्यासाठी निघालेली ही पदयात्रा साऱ्या देशाने श्वास रोखून पाहिली. शांतिनिकेतनात बसलेल्या नंदलालांनी त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात तिचे चित्र केले. हे चित्र रंगांनी रंगवलेले नाही. लिनोलियमच्या मऊ पत्र्यासारख्या तुकड्यावर आकार कोरायचा, त्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबून ठसा घ्यायचा, असे त्याचे तंत्र आहे. कोरलेला भाग पांढरा राहतो आणि उरलेला काळा उमटतो. एका ठशावरून अनेक प्रती निघतात. त्यामुळे चित्र एका धनिकाच्या दिवाणखान्यात अडकून न पडता अनेकांच्या हाती जाऊ शकते.

या चित्रात काय आहे? काळ्या पार्श्वभूमीवर चालणारी एकच आकृती. अंगावर पंचा, हातात उंच काठी, पुढे पडलेले पाऊल. मागे अनुयायांची रांग नाही, समुद्र नाही, मीठही नाही. दांडीयात्रेतील जवळजवळ सर्व तपशील चित्रकाराने गाळले आहेत. असे का केले असावे? कारण त्यांना घटनेची बातमी द्यायची नव्हती. घटनेचा अर्थ सांगायचा होता. काळोखातून निघालेला, वाकलेला पण न थांबणारा माणूस, हा तो अर्थ आहे. काठी आणि पाऊल यांच्या तिरक्या रेषांमुळे आकृती स्थिर असूनही पुढे चालल्यासारखी वाटते. चित्रात जे नाही, तेही आशयाला हातभार लावते, हे या लहानशा ठशावरून शिकता येते. गांधीजींच्या असंख्य प्रतिमांमध्ये ही प्रतिमा लोकांच्या मनात कायमची ठसली.

पाठगत प्रश्न
(3) ठसाचित्राच्या अनेक प्रती निघू शकतात. या गोष्टीचा लोकांना कोणता लाभ झाला?
(4) दांडीयात्रेच्या चित्रातून नंदलालांनी कोणते तपशील गाळले? त्यामुळे काय साधले?

5. फैजपूर आणि हरिपुरा

कलेचे दालन सामान्यांसाठी उघडले पाहिजे, असे गांधीजींनाही वाटत होते. 1936 साली लखनौ येथील काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी भारतीय कलेचे प्रदर्शन मांडण्याचे काम त्यांनी नंदलालांकडे दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खानदेशातील फैजपूर येथे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन. तेथील नगराची रचना आणि सजावट नंदलालांनी करावी, अशी गांधीजींची इच्छा होती. नंदलाल संकोचले. आपण चित्रकार आहोत, वास्तुरचना हे आपले क्षेत्र नव्हे, असे त्यांनी कळवले. गांधीजींना मात्र निष्णात तज्ज्ञापेक्षा जीव ओतून काम करणारा माणूस हवा होता. नंदलाल आले आणि त्यांनी गावात जे मिळेल त्यातूनच नगर सजवले. बांबू, गवत, चटया, बुरुडकामाच्या टोपल्या आणि मातीची भांडी यांतून कमानी व मांडव उभे राहिले. परदेशी कापड नाही, महागडी आरास नाही. आपल्या घरात रोज वापरातली वस्तू इतकी सुंदर असते, हे खानदेशातील शेतकऱ्यांनी कदाचित प्रथमच अशा रूपात पाहिले.

यापुढचा टप्पा म्हणजे हरिपुरा. गुजरातमधील सुरत जिल्ह्यातील या गावी फेब्रुवारी 1938 मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. त्यासाठी नंदलालांनी ऐंशीहून अधिक चित्रफलक स्वतः रंगवले. विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांवरून प्रती केल्या आणि एकूण सुमारे 400 फलक तयार झाले. हातकागदावर मातीच्या रंगांनी काढलेली, साधारण दोन फूट उंचीची ही चित्रे प्रवेशद्वारांवर आणि मांडवांच्या बाहेर लावली होती. त्यांच्यासाठी तिकीट नव्हते आणि दरवाजाही नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत.

या फलकांवर कोण होते? नगारे-ढोल वाजवणारे वादक, कापूस पिंजणारा पिंजारी, शिवणकाम करणारा शिंपी, लाकूड तासणारा सुतार, जोडे शिवणारा कारागीर, भात कांडणाऱ्या स्त्रिया, कुस्तीगीर, बैलाला आवरणारा शेतकरी, लेकराला जवळ घेतलेली आई. रंग थोडेच, पण सपाट आणि ठळक. काळी रेषा जाड आणि वेगवान. बंगालच्या पटचित्रकारांची परंपरा त्या रेषेत होती. दूरवरून चालत येणाऱ्या माणसालाही चित्र एका दृष्टिक्षेपात कळावे, अशी ही योजना होती.

यातील अनेक फलकांची एक विशेषता नीट पाहण्यासारखी आहे. आकृतीभोवती महिरपीसारखी कमान रंगवली आहे. आपल्या देशात अशी महिरप आपण कोठे पाहतो? देव्हाऱ्यात, मंदिराच्या कोनाड्यात, राजाच्या चित्राभोवती. नंदलालांनी त्या महिरपीत सुताराला आणि पिंजाऱ्याला बसवले. चित्राचा विषय आहे रोजचे काम. आशय आहे त्या कामाची प्रतिष्ठा. जो माणूस आजवर मंदिराच्या पायरीशी किंवा त्याही बाहेर उभा राहिला, तो येथे कोनाड्याच्या मध्यभागी आला. हे सांगण्यासाठी चित्रकाराने ना घोषणा लिहिली, ना भाषण केले. केवळ चौकट बदलली आणि अर्थ बदलला. ज्या स्वराज्यासाठी हजारो माणसे हरिपुऱ्यात जमली होती, ते स्वराज्य कोणाचे असणार, या प्रश्नाला ही चित्रे उत्तर देत होती.

6. अन्नपूर्णेच्या दारी

1943 साली बंगालवर दुष्काळाचे भीषण संकट कोसळले. महायुद्ध चालू होते. तांदळाचे भाव गगनाला भिडले होते. सरकारी धोरणांमुळे धान्य गरिबांपर्यंत पोहोचत नव्हते. खेड्यांतून निघालेली कुटुंबे कलकत्त्याच्या रस्त्यांवर अन्नान्न करीत मरून पडली. लाखो माणसे दगावली. अशा वेळी चित्रकाराने काय करावे? फुले आणि डोंगर रंगवीत राहावे काय?

नंदलालांनी त्या वर्षी अन्नपूर्णेचे चित्र काढले. अन्नपूर्णेची कथा आपल्याला ठाऊक आहे. साक्षात शिव तिच्या दारी भिक्षा मागतो आणि ती त्याच्या पात्रात अन्न वाढते. जुन्या चित्रांतील शिव याचक असला, तरी तेजस्वी दिसतो. नंदलालांचा शिव मात्र हाडांचा सापळा आहे. कमळावर शांतपणे बसलेल्या देवीसमोर तो सापळा भुकेने नाचतो आहे. कथा तीच, देवता त्याच. पण एका बदलाने चित्र पुराणातून बाहेर येऊन थेट कलकत्त्याच्या रस्त्यावर उभे राहते. अन्नदात्रीच्या भूमीत माणूस उपाशी का मरावा, असा प्रश्न ते विचारते. तारुण्यात पुराणकथांचे सौंदर्य रंगवणाऱ्या नंदलालांनी साठाव्या वर्षी त्याच कथेला आपल्या काळाचे दुःख बोलायला लावले. परंपरा टाकून न देता तिच्याकडून नवा अर्थ वदवून घेणे म्हणजे काय, हे या चित्रावरून समजते.

7. संविधानाची पाने

1939 पासून 1946 पर्यंत नंदलालांनी बडोद्याच्या कीर्तिमंदिरात मोठी भित्तिचित्रे रंगवली. गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारतातील युद्ध असे त्यांचे विषय आहेत. देश स्वतंत्र झाल्यानंतर याहूनही मोठ्या मानाचे काम त्यांच्याकडे आले. भारताच्या संविधानाची मूळ प्रत हाताने लिहिली गेली. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी तिचे सुलेखन केले आणि तिची सजावट नंदलाल व त्यांच्या शिष्यांनी केली. उद्देशिकेचे पान त्यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी सजवले. 24 जानेवारी 1950 रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी या संविधानावर स्वाक्षऱ्या केल्या.

संविधानाच्या भागांच्या आरंभी येणारी 22 चित्रे क्रमाने पाहिली, तर देशाची एक कथाच डोळ्यांपुढून सरकते. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील बैलापासून ती सुरू होते. मग वैदिक आश्रम, राम-सीता-लक्ष्मण, बुद्ध, महावीर, नालंदा, नटराज, अकबर, छत्रपती शिवाजी महाराज व गुरू गोविंदसिंह, टिपू सुलतान व राणी लक्ष्मीबाई, दांडीयात्रा, नोआखालीतील गांधीजी आणि सुभाषचंद्र येतात. अखेरीस एकही वीरपुरुष नाही. तेथे हिमालय आहे, वाळवंट आहे आणि सागर आहे. राजे आणि नेते येतात-जातात. भूमी उरते, असेच जणू ही मांडणी सांगते. कायद्याच्या ग्रंथात चित्रे कशासाठी, असा प्रश्न एखाद्याला पडेल. हा कायदा परका नसून आपल्याच दीर्घ जीवनातून उगवला आहे, ही जाणीव त्या चित्रांनी दिली. ही मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात जतन करून ठेवली आहे.

1954 साली भारत सरकारने नंदलालांना पद्मविभूषण किताब दिला. उत्तर आयुष्यात त्यांची चित्रे अधिकाधिक साधी होत गेली. रंग जवळजवळ नाहीसे झाले. काळ्या शाईच्या थोड्या स्पर्शांतून झाडे, पाणी आणि डोंगर उमटू लागले. 16 एप्रिल 1966 रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, 1976 मध्ये, भारत सरकारने त्यांच्या कलाकृती राष्ट्राचा अमूल्य कलाठेवा म्हणून घोषित केल्या.

मूर्तिकारांच्या अंगणात बसणाऱ्या मुलाला जे कोडे पडले होते, त्याचेच उत्तर शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. मातीच्या गोळ्यात भाव कोठून येतो? तो पाहणाऱ्याच्या आणि घडवणाऱ्याच्या जगण्यातून येतो, असे त्यांची चित्रे सांगतात. यापुढे भिंतीवरील दिनदर्शिका, मंदिरातील शिल्प किंवा दारातील रांगोळी पाहताना आपणही स्वतःला तीन प्रश्न विचारू या. येथे काय दाखवले आहे? ते असेच का दाखवले आहे? आणि काय दाखवलेले नाही? उत्तरे शोधू लागलो, की चित्र आपल्याशी बोलू लागते.

आपण काय शिकलो

• चित्राचा विषय डोळ्यांना दिसतो. आशय विचारपूर्वक पाहिल्यावर कळतो.
• रेषा, रंग, चौकट, मोकळी जागा आणि गाळलेले तपशील यांतून आशय व्यक्त होतो.
• नंदलाल बोस यांनी कष्टकरी माणसाला चित्रात मानाचे स्थान दिले.
• परंपरेतील कथांना त्यांनी आपल्या काळाचा अर्थ दिला.

शब्दार्थ

प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी दुसरी वस्तू, नक्कल
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. येथे, सोबत राहणारी शिकवण
महिरप – देव्हाऱ्यावरील नक्षीदार कमान
सुलेखन – सुंदर अक्षरांत लिहिण्याची कला
याचक – मागणारा

स्वाध्याय

1. हरिपुरा येथील फलकांत महिरपीचा उपयोग कसा केला आहे, ते आठ-दहा ओळींत लिहा.
2. नंदलालांचे अन्नपूर्णेचे चित्र जुन्या कथेवर असूनही ते 1943 सालचे का वाटते?
3. ‘चौकट बदलली आणि अर्थ बदलला’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
4. आपण ज्या राज्यात राहता, तेथील एखादी लोककला (भित्तिचित्र, रांगोळी, विणकाम इत्यादी) निवडा. तिच्यातील एका आकृतीचा अर्थ घरातील वडीलधाऱ्यांना विचारून सहा ओळींत लिहा.
5. आपल्या परिसरातील कोणत्या कष्टकरी व्यक्तीला तुम्ही महिरपीत बसवाल? तिचे काम व तिची उभे राहण्याची ढब यांचे वर्णन करा.